कायदा टिकला, कर्ता मारला गेला : रोममधील ग्राकस बंधूंचा जमीनसुधार

इ.स.पू. 133 च्या उन्हाळ्यात रोममधील कॅपिटोलिन टेकडीवर, मतदानासाठी भरलेल्या सभेत, सिनेटच्या, म्हणजे राज्यकारभारावर वजन असलेल्या उमरावांच्या सभेच्या, सदस्यांनी मोडलेल्या बाकांचे पाय आणि सोटे हाती घेऊन टायबेरियस ग्राकस या निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीला ठार मारले. त्याच्याबरोबर त्याचे तीनशेच्या आसपास समर्थक मेले आणि रात्री सर्वांची प्रेते टायबर नदीत फेकून देण्यात आली. या हत्याकांडाचे कारण म्हणून टायबेरियसने केलेला जमीनवाटपाचा कायदा सांगितला जातो. तो कायदा मात्र हत्येनंतर रद्द झाला नाही. जमीनवाटप आयोगावरील मृताची जागा भरण्यात आली आणि मोजणीचे काम पुढे चालू राहिले. कायदा इतका असह्य होता तर तो ठेवला कशासाठी, आणि ठेवण्याजोगा होता तर तो करणाऱ्याला मारले कशासाठी, या प्रश्नापाशी थांबल्याशिवाय रोमच्या प्रजासत्ताकाचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास नीट उलगडत नाही.

सर्वप्रथम ही जमीन कोणती होती ते पाहू. रोमने इटलीतील एकेक नगर आणि जमात जिंकताना पराभूतांच्या भूमीचा काही भाग स्वतःकडे घेतला. त्यातील काही जमीन विकली गेली, काहींवर वसाहती वसवल्या गेल्या आणि उरलेली ‘आगेर पब्लिकस’, म्हणजे रोमन जनतेच्या मालकीची सार्वजनिक जमीन, म्हणून राहिली. ही जमीन कोणीही कसावी किंवा तीवर गुरे चारावीत आणि उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारात भरावा, अशी सर्वसाधारण पद्धत होती. वसुली ढिली होती आणि नोंदी अपुऱ्या होत्या. साहजिकच ज्यांच्याजवळ भांडवल, गुलाम आणि वजन होते त्यांनी मोठमोठे पट्टे व्यापले. दोन-तीन पिढ्यांत त्या जमिनीवर घरे उभी राहिली, द्राक्षमळे लागले, पूर्वजांची थडगी बांधली गेली, मुलींच्या हुंड्यात ती दिली गेली आणि सावकारांकडे गहाणही पडली. मालकी जनतेची आणि वहिवाट धनिकांची, असा हा प्रकार होता. ज्यांच्या गावच्या गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या अतिक्रमण झालेले आहे, त्या वाचकाला यातील गुंतागुंत वेगळी सांगायला नको.

एका व्यक्तीने अशा सार्वजनिक जमिनीपैकी 500 युगेरांपेक्षा, म्हणजे सुमारे 310 एकरांपेक्षा, जास्त जमीन बाळगू नये असा जुना कायदा होता. परंपरा तो 367 सालचा मानते. (येथून पुढची वर्षे, वेगळे सांगितले नसेल तेथे, इसवी सनापूर्वीची आहेत.) ही मर्यादा खाजगी मालकीच्या जमिनीला लागू नव्हती, हे ध्यानात ठेवणे फार आवश्यक आहे. महाराष्ट्रातील इ.स. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याची आठवण झाल्याने आपण नकळत तशी कल्पना करतो, पण आपला कायदा माणसाच्या स्वतःच्या जमिनीवर मर्यादा घालतो. रोमन कायदा सरकारी जमिनीच्या वहिवाटीपुरताच होता. टायबेरियसने श्रीमंतांची मालमत्ता लुटायला काढली, हा त्याच्यावरील जुना आरोप त्यामुळे कायद्याच्या काटेकोर अर्थाने टिकत नाही. वहिवाटदारांना मात्र ती लूटच वाटली असणार, कारण जी गोष्ट आजोबांपासून हाताखाली आहे ती आपली नाही असे कोणी सहसा मानत नाही.

दुसऱ्या शतकाच्या मध्यास ही जुनी तक्रार एकाएकी राजकीय प्रश्न झाली, त्यामागे सैन्य होते. रोमच्या सैन्यात भरती होण्यासाठी काही किमान मालमत्ता असावी लागे. सैनिक हा स्वतःच्या शेतावरून येणारा नागरिक असे आणि मोहीम संपली की शेतावर परत जाई. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याविरुद्धचे युद्ध (218 ते 201) आणि त्यानंतरच्या स्पेन, ग्रीस व आफ्रिकेतील मोहिमांनी ही सोय मोडली, कारण समुद्रापलीकडे सलग पाच-सहा वर्षे गेलेल्या माणसाचे शेत कोण कसणार? त्याच युद्धांतून गुलामांचे लोंढे इटलीत आले. गुलामाला लष्करात बोलावले जात नसे, त्यामुळे धनिकाच्या मळ्यावर तो अखंड राबू शकत असे. जनगणनेतील नागरिकांचा आकडा 164 साली सुमारे 3 लाख 37 हजार होता, तो 136 च्या सुमारास 3 लाख 18 हजारांवर आला. ज्यांच्यातून सैनिक मिळायचे तो वर्ग आटत चालला आहे, अशी काळजी सिनेटमधील विचारी माणसांनाही वाटू लागली.

हे चित्र आपल्याला मुख्यतः प्लुटार्क आणि अप्पियन या ग्रीक लेखकांकडून मिळते आणि दोघेही घटनेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी लिहीत होते. इटलीतील शेतशिवारांच्या पुरातत्त्वीय पाहण्यांत काही भागांत लहान शेतकरी या काळातही टिकून असल्याचे दिसते. जनगणनेचा आकडा घटला त्यात भरती टाळण्यासाठी नाव न नोंदवणाऱ्यांचाही वाटा असावा, आणि काही अभ्यासकांच्या मते तर खरी अडचण लोकसंख्या घटण्याची नसून वाढत्या कुटुंबांत शेते तुकडे होऊन अपुरी पडण्याची होती. मला हा शेवटचा तर्क बराच पटतो. तरीही राजकारण लोकांच्या समजुतीवर चालते, आणि शेतकरी नाहीसा होत आहे ही समजूत त्या काळी पक्की होती, याविषयी शंका नाही.

टायबेरियस सेम्प्रोनियस ग्राकस हा कोणी झोपडीतून आलेला बंडखोर नव्हता. त्याचे वडील दोनदा कॉन्सल, म्हणजे राज्याच्या दोन सर्वोच्च वार्षिक अधिकाऱ्यांपैकी एक, झालेले होते आणि आई कॉर्नेलिया ही हॅनिबलला हरवणाऱ्या स्किपिओची मुलगी होती. 137 साली तो स्पेनमधील नुमान्तिया येथे सैन्याचा खजिनदार म्हणून गेला. जाताना एट्रुरियाच्या प्रदेशात त्याला स्वतंत्र शेतकरी दिसेनात, परदेशातून आणलेले गुलामच राबताना दिसले, असे त्याच्या धाकट्या भावाने, गायसने, लिहून ठेवले होते. नुमान्तियात रोमन सैन्य वेढ्यात सापडले तेव्हा टायबेरियसने वाटाघाटी करून हजारो सैनिकांचे प्राण वाचवले. पण सिनेटने तो तह नामुष्कीचा ठरवून फेटाळला आणि सेनापती मांकिनस याला शत्रूच्या स्वाधीन केले. टायबेरियसवरची शिक्षा टळली, तथापि सिनेटविषयीची अढी त्याच्या मनात तेव्हापासून बसली असावी असे प्राचीन लेखकही मानतात. 135 पासून सिसिलीत गुलामांचे मोठे बंड पेटलेले होते, त्यानेही त्याच्या म्हणण्याला धार आली.

133 साठी तो ट्रिब्यून म्हणून निवडून आला. ट्रिब्यून दहा असत. सामान्य नागरिकांचे अधिकाऱ्यांच्या जुलमापासून रक्षण करणे हे त्यांचे मूळ काम होते. त्यांच्या अंगाला हात लावणे हे धर्मदृष्ट्या पाप मानले जाई आणि त्यांच्यापैकी कोणीही एकटा उभा राहून राज्याचे कोणतेही काम नकाराधिकाराने थांबवू शकत असे. टायबेरियसने मांडलेला कायदा त्या मानाने सौम्य होता. 500 युगेरांची मर्यादा पुन्हा लागू करायची, मुलांसाठी प्रत्येकी आणखी 250 युगेरांची सवलत द्यायची, आणि मर्यादेवरची सरकारी जमीन परत घेऊन गरीब नागरिकांना लहान तुकड्यांत वाटायची. हे तुकडे विकता येणार नाहीत अशी अट होती, कारण ती नसती तर शेजारच्या धनिकाने ते दोन वर्षांत विकत घेतले असते. अंमलबजावणीसाठी तीन सदस्यांचा आयोग नेमायचा होता. मसुद्यामागे टायबेरियसचा सासरा आणि सिनेटचा ज्येष्ठ सदस्य आप्पियस क्लॉडियस, तसेच त्या वर्षीचा कॉन्सल आणि नामांकित कायदेपंडित म्युकियस स्केव्होला अशी वजनदार माणसे उभी होती. काही वर्षांपूर्वी लायलियस नावाच्या नेत्याने असाच प्रस्ताव आणून विरोध पाहताच मागे घेतला होता आणि त्याबद्दल त्याला ‘शहाणा’ ही पदवी मिळाली होती.

टायबेरियसकडे तो शहाणपणा नव्हता. प्रस्ताव सिनेटपुढे चर्चेला नेण्याची प्रथा होती. त्याने तो थेट जनसभेपुढे मांडला. हे बेकायदा नव्हते, रूढीविरुद्ध होते, आणि रोममध्ये या दोहोंतील अंतर फार कमी होते. सभेसाठी खेड्यापाड्यांतून माणसे लोटली. त्यांच्यापुढे तो म्हणाला की इटलीतील रानटी श्वापदांनाही बिळे आणि गुहा आहेत, इटलीसाठी लढून मरणाऱ्यांच्या वाट्याला मात्र हवा आणि उजेड एवढेच आहे. मतदान सुरू होणार तोच मार्कस ऑक्टेव्हियस या सहकारी ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरला. त्याच्याही ताब्यात सरकारी जमीन होती. तिची भरपाई आपण स्वतःच्या खिशातून देऊ, असे टायबेरियसने सांगून पाहिले. ऑक्टेव्हियस हटला नाही.

येथे दोन्ही बाजूंचा पाय घसरला. नकाराधिकार जनतेच्या रक्षणासाठी होता; जनसभेला उघडपणे हवा असलेला कायदा एका ट्रिब्यूनने शेवटपर्यंत अडवून धरावा हे त्या पदाच्या हेतूला सोडून होते, आणि ऑक्टेव्हियसने नेमके तेच केले. टायबेरियसने उत्तरादाखल राज्याचा खजिना मोहोरबंद केला, सर्व सरकारी कामकाज थांबवले आणि अखेरीस ऑक्टेव्हियसला पदावरून काढून टाकण्याचा ठराव सभेपुढे ठेवला. रोमन नागरिक 35 मतगटांत विभागलेले होते, प्रत्येक गटाचे एक मत धरले जाई आणि 18 मतांनी निर्णय होई. सतरा गटांनी ऑक्टेव्हियसविरुद्ध कौल दिल्यावर टायबेरियसने मतदान थांबवून त्याला पुन्हा विनवले, असे सांगतात. तो मानला नाही, अठरावे मत पडले आणि त्याला व्यासपीठावरून ओढून नेण्यात आले. जनतेच्या हिताविरुद्ध जाणारा ट्रिब्यून हा ट्रिब्यूनच उरत नाही, हा टायबेरियसचा युक्तिवाद होता. तो ऐकायला चोख वाटतो. पण ज्या पदाच्या पावित्र्यावर त्याचा स्वतःचा जीव अवलंबून होता, ते पावित्र्य बहुमताने काढून घेता येते हे त्याने स्वतःच दाखवून दिले होते.

कायदा मंजूर झाला. आयोगावर टायबेरियस, त्याचा भाऊ गायस आणि सासरा आप्पियस क्लॉडियस नेमले गेले. एकाच घरातील तीन माणसे हे पाहून टीका न झाली तरच नवल. सिनेटने आयोगाला सरकारी तंबूसुद्धा नाकारला आणि दैनिक भत्ता अगदी नाममात्र ठेवला. नव्या शेतकऱ्यांना अवजारे आणि गुरे घेण्यासाठी पैसा नव्हता. त्याच वर्षी आशिया मायनरमधील पर्गामॉनचा राजा तिसरा अट्टालस मरण पावला आणि मृत्युपत्राने आपले राज्य रोमला देऊन गेला. टायबेरियसने लगोलग जाहीर केले की या राजाचा खजिना जनता जमीनवाटपासाठी वापरील आणि त्याच्या नगरांचे काय करायचे तेही जनताच ठरवील. परराष्ट्र व्यवहार आणि राज्याची तिजोरी ही आजवर सिनेटची राखीव क्षेत्रे होती. जमिनीचा कायदा सिनेटने नाखुशीने गिळला असता. आता एक माणूस जनसभेच्या बळावर सगळे राज्यच चालवू पाहत आहे, असे तिला वाटले.

पद संपले की खटले भरले जातील या भीतीने त्याने लागोपाठ दुसऱ्या वर्षीही उमेदवारी केली. हेही रूढीविरुद्ध होते. मतदानाच्या दिवशी गोंधळात त्याचा आवाज पोचेना, तेव्हा जिवाला धोका आहे हे सुचवण्यासाठी त्याने डोक्याला हात लावला. विरोधकांनी सिनेटकडे धाव घेऊन तो राजमुकुट मागत असल्याचे सांगितले. महापुरोहित स्किपिओ नासिका याने कॉन्सल स्केव्होलाकडे या जुलमी माणसाचा बंदोबस्त करण्याची मागणी केली. आपण बळाचा वापर प्रथम करणार नाही आणि कोणत्याही नागरिकाला चौकशीविना मारणार नाही, असे स्केव्होला म्हणाला. मग राज्य वाचवायचे असेल त्यांनी माझ्यामागे यावे, अशी हाक देऊन नासिका डोक्यावरून वस्त्र घेऊन निघाला. टायबेरियसवर पहिला घाव त्याच्याच एका सहकारी ट्रिब्यूनने घातला असे प्लुटार्क लिहितो.

हत्येपेक्षा तिच्यानंतरचे वर्तन मला अधिक महत्त्वाचे वाटते. नासिकावर खटला चालला नाही. लोकक्षोभ टाळण्यासाठी त्याला सरकारी कामाच्या निमित्ताने आशियात पाठवण्यात आले आणि तो तिकडेच पर्गामॉनला मेला. ज्या स्केव्होलाने बळ वापरायला नकार दिला होता त्यानेच मागाहून नासिकाच्या कृत्याचे समर्थन केले, असे पुढच्या शतकातील रोमन वक्ता सिसेरो सांगतो. 132 मध्ये कॉन्सलांनी विशेष चौकशी लावून टायबेरियसच्या सामान्य अनुयायांना मृत्युदंड आणि हद्दपारी दिली. दुसरीकडे आयोग चालू राहिला. त्याच्या सदस्यांची नावे कोरलेले हद्दीचे दगड दक्षिण इटलीत सापडले आहेत. 125 च्या जनगणनेत नागरिकांचा आकडा 3 लाख 94 हजारांवर गेला, ही वाढ जमीनवाटपामुळे की नोंदणी सुधारल्यामुळे यावर अभ्यासकांत वाद आहे.

मोजणीला खरा अडथळा वेगळ्याच दिशेने आला. पुष्कळशी सरकारी जमीन रोमच्या इटालियन मित्रनगरांतील लोकांच्या वहिवाटीत होती. ते रोमच्या युद्धांत लढत, पण रोमचे नागरिक नव्हते. त्यांच्याकडून जमीन घेतली जाई आणि वाटपात मात्र त्यांचा हक्क स्पष्ट नव्हता. त्यांची बाजू कार्थेज जिंकणारा सेनापती स्किपिओ एमिलियानस याने उचलली आणि 129 मध्ये वादग्रस्त जमिनींचा निवाडा आयोगाकडून कॉन्सलकडे गेला, त्यामुळे काम जवळजवळ ठप्प झाले. त्याच वर्षी एके सकाळी स्किपिओ अंथरुणात मृतावस्थेत आढळला. 125 मध्ये कॉन्सल फुल्व्हियस फ्लाकस याने मित्रांना नागरिकत्व देण्याचा तोडगा सुचवला, तो फसला. फ्रेगेली या नगराने बंड केले आणि ल्युकियस ओपिमियस या अधिकाऱ्याने ते नगर उद्ध्वस्त केले.

गायस ग्राकस 123 आणि 122 अशी सलग दोन वर्षे ट्रिब्यून झाला. केवळ जमिनीच्या प्रश्नावर उभे राहिलो तर भावासारखी गत होईल हे त्याने ओळखले होते. शहरातील गरिबांना ठरावीक दराने धान्य, सैनिकांचा पोशाख सरकारी खर्चाने, नवे रस्ते, प्रांतांतील भ्रष्टाचाराच्या खटल्यांत सिनेटबाहेरील धनिक वर्गाला न्यायासन, आशिया प्रांताच्या करवसुलीचा लिलाव रोममध्ये, उद्ध्वस्त कार्थेजच्या जागी वसाहत, आणि जनतेच्या आज्ञेविना कोणाही नागरिकाला देहदंडाची शिक्षा देता येणार नाही असा कायदा, इतके सगळे त्याने केले. हा शेवटचा कायदा 132 च्या प्रकाराला उत्तर होता.

सिनेटनेही आता हुशारी शिकली होती. लिव्हियस ड्रुसस या ट्रिब्यूनला पुढे करून तिने गायसहून मोठी आश्वासने दिली : प्रत्येकी 3,000 माणसांच्या बारा वसाहती, त्याही बिनखंडाच्या. त्या वसल्या नाहीत, पण गायसचा पाठिंबा फुटला. इटालियनांना नागरिकत्व देण्याचा त्याचा प्रस्ताव तर रोमच्या गरिबांनाही आवडला नाही, कारण सवलतींत वाटेकरी कोणालाच नको होते. तिसऱ्यांदा तो निवडून आला नाही. 121 मध्ये कॉन्सल झालेल्या ओपिमियसने कार्थेजची वसाहत रद्द करायला घेतली. सभेतील चकमकीत कॉन्सलचा एक सेवक मारला गेला आणि तेवढे निमित्त पुरले.

राज्याला अपाय होऊ नये यासाठी कॉन्सलने पाहिजे ते करावे, असा ठराव सिनेटने केला. अशा ठरावाचा हा पहिलाच प्रसंग होता. बारा वर्षांपूर्वी जमावाने जे केले ते आता सरकारी आदेशाने आणि क्रीटच्या धनुर्धरांच्या मदतीने झाले. फ्लाकस आणि त्याचे मुलगे मारले गेले, गायसने पळता पळता नदीपलीकडच्या देवराईत आपल्याच गुलामाकडून मरण घेतले आणि प्लुटार्कच्या मते एकूण 3,000 माणसे मेली. ओपिमियसने त्यानंतर ऐक्यदेवतेचे मंदिर बांधले. 120 मध्ये त्याच्यावर जनसभेपुढे खटला झाला. गायसच्या कायद्याप्रमाणे तो उघड दोषी होता. त्याचा बचाव केला तो पापिरियस कार्बोने, जो काही वर्षांपूर्वी गायसबरोबर याच जमीन आयोगावर बसलेला होता. ओपिमियस निर्दोष सुटला. सिनेटचा ठराव असेल तर नागरिकाला चौकशीविना मारणे क्षम्य आहे, हे त्या निकालाने मान्य झाले, आणि माझ्या मते 133 पेक्षा 120 हे वर्ष अधिक घातक ठरले.

जमिनीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. गायसनंतर लवकरच वाटलेले तुकडे विकण्याची मुभा मिळाली, मग नवे वाटप थांबले, आणि 111 च्या कायद्याने वहिवाटदारांच्या ताब्यातील इटलीतील बहुतेक सरकारी जमीन खाजगी मालकीची झाली. या कायद्याचे काशाच्या पत्र्यावर कोरलेले तुकडे आजही आहेत, आणि त्याच पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला गायसच्या काळातील भ्रष्टाचारविरोधी कायदा कोरलेला आहे. वाटण्यासारखी सरकारी जमीन संपली. मागणारे मात्र संपले नाहीत. 107 मध्ये कॉन्सल मारियसने मालमत्ता नसलेल्यांनाही सैन्यात घेतले. या माणसाला परत जायला शेत नव्हते, म्हणून मोहीम संपल्यावर जमीन मिळवून देणे हे सेनापतीचे काम झाले. सॅटर्निनस या ट्रिब्यूनने मारियसच्या सैनिकांना आफ्रिकेत प्रत्येकी 100 युगेर देण्याचा कायदा केला. 100 साली सिनेटने 121 सारखाच ठराव करून, खुद्द मारियसच कॉन्सल असताना, सॅटर्निनसला सिनेटगृहात कोंडले गेले आणि जमावाने छपराची कौले काढून त्याला ठेचून मारले. 91 मध्ये इटालियनांना नागरिकत्व देऊ पाहणारा धाकटा ड्रुसस, म्हणजे लिव्हियस ड्रुससचा मुलगा, स्वतःच्या घरात भोसकला गेला, आणि मित्रनगरांनी रोमविरुद्ध शस्त्र उचलले.

सुल्ला या सेनापतीने 88 मध्ये सैन्य घेऊन रोमवर चाल केली तेव्हा त्याच्यामागे याच नव्या प्रकारचे सैनिक होते. यादवी जिंकल्यावर त्याने याद्या लावून विरोधकांना मारले, शत्रुपक्षाच्या नगरांच्या जमिनी जप्त केल्या आणि हजारो माजी सैनिकांना त्यांवर वसवले. टायबेरियसला जे वाटप भर सभेत मते मोजून करता आले नाही, त्याहून कितीतरी मोठे वाटप एका हुकूमशहाने केले. त्यातले अनेक सैनिक शेतीत टिकले नाहीत आणि कर्जात बुडाले. 63 मध्ये कॅटिलिना या उमरावाच्या सत्ता बळकावण्याच्या कटासाठी एट्रुरियातील फेसुली येथे गायस मॅनलियस या सुल्लाच्याच एका माजी शतपतीने फौज उभी केली, तेव्हा तिच्यात सुल्लाकडून जमीन मिळालेले होते आणि सुल्लामुळे जमीन गेलेलेही होते.